चहा कुणाचा, वही कुणाची?

(द्वितीय वर्ष कला)

गेल्या वर्षी आपल्या महाविद्यालयात ‘सामाजिक न्याय’ या विषयावर वक्तृत्व स्पर्धा झाली. स्पर्धा आटोपल्यावर आम्ही आठदहाजण कॅन्टीनमध्ये बसलो होतो. पहिला क्रमांक योग्य माणसाला मिळाला की नाही, यावर वाद रंगला होता. कुणी मार्क्सचे नाव घेत होते, कुणी फुल्यांचे, कुणी बाबासाहेबांचे. दोनदा चहा झाला. आमच्याच वयाचा एक मुलगा येऊन रिकामे कप उचलून नेत होता, टेबलावर फडके मारीत होता. आम्ही काही कोपर हलवीत नव्हतो, म्हणून तो बिचारा आमच्या कोपरांच्या भोवतीने फडके फिरवीत होता. त्याचे नाव आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हते. मलाही नव्हते. वास्तविक मला तरी ठाऊक असायला हवे होते. कारण माझ्या वडिलांनी तीस वर्षे हेच काम केले.

वडील अकराव्या वर्षी गाव सोडून शहरातल्या एका हॉटेलात पोऱ्या म्हणून लागले. आधी मोरीत कपबश्या विसळणे, मग टेबल पुसणे, मग वेटर. रात्री हॉटेल बंद झाले की त्याच बाकड्यांवर झोपायचे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि हॉटेलाला कुलूप पडले. मालकांनी एका महिन्याचा पगार हातावर ठेवला. हॉटेल पुढे उघडले. पण वडिलांना बोलावणे आले नाही. हजेरीपुस्तकात नाव नव्हते, म्हणून फंड नाही, ग्रॅच्युइटी नाही. तीस वर्षांचा कागद म्हणून त्यांच्यापाशी काहीच नाही. आता ते एस. टी. स्टँडबाहेर टपरी चालवतात, आणि तिच्यावर माझी फी निघते.

मी एकदा विचारले, “आण्णा, मालक वाईट होता का?” ते म्हणाले, “नाही रे. माणूस चांगला होता. दिवाळीला कापड घ्यायचा. आजारी पडलो तर औषधाला पैसे द्यायचा. पण वही त्याची होती.”

हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. चहा-कॉफीच्या धंद्यात न्यायाचा विचार करणाऱ्या संस्था जगात आहेत, हे मला ग्रंथालयात वाचताना कळले. त्यांची माहिती आपल्यापुढे ठेवावी, आणि प्रत्येकीला आण्णांचाच प्रश्न विचारावा, की बाई, तुझी वही कुणाच्या हातात आहे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

वळचणीची कपबशी

चहा हे आपल्याकडे समतेचे पेय मानले जाते. स्टँडवर शेठजीही कटिंग घेतो आणि हमालही. परंतु माझ्या आजोबांच्या तरुणपणी गावच्या हॉटेलात त्यांच्यासाठी कान तुटलेली एक कपबशी बाहेर वळचणीला ठेवलेली असे. ती आपणच काढायची, खाली धरायची, वरून चहा ओतला जायचा. पिऊन झाल्यावर आपणच विसळून पुन्हा तिथे ठेवायची. पैसे मात्र सर्वांइतकेच! भारताच्या राज्यघटनेच्या १५ व्या कलमात दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले यांत धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कुणालाही मज्जाव करता येणार नाही, असे स्पष्ट लिहिलेले आहे. आज आपल्याला ते कलम किरकोळ वाटते. इतक्या मोठ्या ग्रंथात हॉटेलाचा उल्लेख कशाला, असेही वाटेल. वळचणीची कपबशी ज्याने पाहिली आहे, त्याला तसे वाटणार नाही.

घटनेने आजोबांना हॉटेलाच्या आत आणले. वडील तर हॉटेलात नोकरीला लागले आणि सर्व जातींच्या माणसांनी उष्ट्या केलेल्या कपबश्या त्यांनी विसळल्या. म्हणजे दाराचा प्रश्न सुटला. गल्ल्याचा सुटला नाही. दारातून आत येणे आणि गल्ल्यामागच्या हिशेबात आपले नाव असणे, या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. दुसरी पायरी चढून दाखवणाऱ्या लोकांची गोष्ट आपल्याच देशात घडली आहे, आणि तिची सुरुवात आपल्या मुंबईत झाली.

काढून टाकलेल्यांनी उघडलेले कॉफी हाऊस

१९३० नंतरच्या जागतिक मंदीत कॉफीचे भाव कोसळले होते. दक्षिणेतल्या मळेवाल्यांचा माल पडून राहू लागला. तेव्हा देशातल्या देशात कॉफीचा खप वाढावा म्हणून कॉफीवरील उपकराच्या पैशातून कॉफीगृहे उघडण्याची कल्पना निघाली. पहिले ‘इंडिया कॉफी हाऊस’ १९३६ साली मुंबईत चर्चगेटला सुरू झाले. पुढे १९४२ च्या कायद्याने कॉफी बोर्डाला कायमचे रूप आले, आणि मोठमोठ्या शहरांतून अशी कॉफीगृहे निघाली. हेतू मळेवाल्यांची कॉफी खपवण्याचा होता. वेटरच्या भल्याचा त्यात काही संबंध नव्हता. पांढरा गणवेश, कमरेला पट्टा आणि डोक्यावर पंख्यासारखा तुरा असलेला कडक फेटा हा थाट साहेबाच्या काळातलाच.

१९५० नंतर काही वर्षांनी बोर्डाने ठरवले की ही कॉफीगृहे चालवण्यात आता अर्थ नाही. एकेक बंद होऊ लागले आणि कामगारांना घरी पाठवणे सुरू झाले. येथवरची गोष्ट माझ्या वडिलांच्या गोष्टीसारखीच आहे. पुढची मात्र वेगळी आहे, कारण या कामगारांची संघटना होती, आणि त्यांना ए. के. गोपालन यांच्यासारखा माणूस भेटला.

गोपालन हे मलबारातले शाळामास्तर. १९३१-३२ च्या गुरुवायूर मंदिरप्रवेश सत्याग्रहात ते स्वयंसेवकांचे प्रमुख होते आणि त्यांनी तिथे मारही खाल्ला होता. पुढे ते कम्युनिस्ट पक्षाचे लोकसभेतील नेते झाले. कामगारांना परत कामावर घ्या, एवढी मागणी करून ते थांबले असते, तर ती नेहमीची चळवळ झाली असती. त्यांनी कामगारांना सांगितले की कॉफीगृहे तुम्हीच चालवायला घ्या. कामगारांजवळ भांडवल नव्हते. परंतु कॉफी कशी भाजायची, कशी गाळायची, गिऱ्हाईक कसे सांभाळायचे, हे सारे कसब त्यांच्याच हातात होते. बोर्डाच्या साहेबांना त्यातले काय येत होते?

ऑगस्ट १९५७ मध्ये बंगलोरला कामगारांची पहिली सहकारी संस्था निघाली. त्याच वर्षी दिल्लीची निघाली. मार्च १९५८ मध्ये केरळात त्रिशूरला कामगारांचे कॉफीगृह सुरू झाले. केरळातल्या उभारणीत एन. एस. परमेश्वरन पिल्लै या कामगार नेत्याचा वाटा मोठा. त्यांनी पुढे या साऱ्याची हकीकत मल्याळम पुस्तकात लिहून ठेवली. ‘इंडिया’ कॉफी हाऊसचे ‘इंडियन’ कॉफी हाऊस झाले. एका अक्षराचा फरक. पण त्या एका अक्षरात मालक बदलला होता.

आता या संस्थांची रीत पाहू. कॉफीगृहात काम करणारा माणूस हाच संस्थेचा सभासद. तो आपला भाग घेतो. सभासदांची सर्वसाधारण सभा भरते आणि ती आपल्यातूनच कार्यकारी मंडळ निवडते. प्रत्येकाला एक मत. मग तो आचारी असो, वेटर असो की गल्ल्यावर बसणारा असो. माणूस सहसा खालच्या कामावर लागतो आणि अनुभवाने वर चढतो. आज कपबश्या धुणारा उद्या व्यवस्थापक होऊ शकतो. बाहेरून साहेब आणून बसवला जात नाही. वर्षाअखेर जी शिल्लक राहील तिचे काय करायचे, हेही सभेपुढेच येते. फेटा आणि तुरा तोच राहिला. पण पूर्वी तो फेटा बांधणारा नोकर होता, आता तो आपल्याच दुकानातला मालक झाला. म्हणून तिथला वेटर बक्षिशीसाठी घुटमळत नाही, असे म्हणतात.

या कॉफीगृहांचे आणखी एक वैशिष्ट्य म्हणजे स्वस्त दर आणि बसू देण्याची वृत्ती. एका कपावर तासन् तास बसले तरी कुणी उठा म्हणत नाही. कलकत्त्याच्या कॉलेज स्ट्रीटवरील कॉफी हाऊस हे तर विद्यार्थ्यांचे आणि लेखकांचे दुसरे विद्यापीठच. तिथल्या गप्पांच्या आठवणींवरचे मन्ना डे यांचे बंगाली गाणे घराघरात पोहोचले. दिल्लीच्या कॉफी हाऊसमधील गप्पा सत्तेला इतक्या झोंबल्या की आणीबाणीच्या काळात ते पाडले गेले, असे दिल्लीकर सांगतात. पुढे ते मोहनसिंग प्लेसच्या गच्चीवर गेले. केरळात तर जागोजागी ही कॉफीगृहे आहेत, आणि बीट घातलेले त्यांचे लालभडक कटलेट प्रसिद्ध आहे.

सगळेच गोड आहे, असे मात्र नाही. काही ठिकाणी तोटा आला, भाडे थकले, खुर्च्या मोडक्या झाल्या. नव्या चकचकीत कॉफी दुकानांपुढे काही शाखा फिक्या पडल्या. कार्यकारी मंडळांच्या निवडणुकांत राजकारणही शिरले. परंतु तोटा झाला तर तो कशाने झाला, हे तिथल्या वेटरला विचारता येते. आमच्या आण्णांना तीस वर्षांत त्यांच्या हॉटेलाचा नफा किती, हे एकदाही कळले नव्हते.

पिकवणाऱ्याचा भाव

कॉफी हाऊसने कप देणाऱ्या हाताला न्याय दिला. पण कपातली कॉफी पिकवणाऱ्याचे काय? हा प्रश्न हॉलंडमध्ये फार पूर्वी निघाला होता. जावा बेटावर डच सरकार शेतकऱ्यांकडून सक्तीने निर्यातीची पिके काढून घेत असे. एका माजी डच अधिकाऱ्याने मुल्तातुली या टोपणनावाने १८६० साली ‘मॅक्स हावेलार’ ही कादंबरी लिहून ते अन्याय चव्हाट्यावर आणले. पुढे सव्वाशे वर्षांनी, १९८८ मध्ये, त्याच नावाचा एक शिक्का हॉलंडमधील कॉफीच्या पुड्यांवर आला. मेक्सिकोच्या ओआहाका प्रांतात आदिवासी शेतकऱ्यांची सहकारी संस्था होती. तिच्याबरोबर काम करणारे धर्मगुरू फ्रान्स व्हान डर हॉफ आणि हॉलंडमधले कार्यकर्ते निको रोझेन यांनी मिळून ही योजना काढली. तिथले शेतकरी गावोगाव फिरून पडत्या भावात माल उचलणाऱ्या दलालाला ‘कोल्हा’ म्हणत. या कोल्ह्याला वगळून संस्थेने थेट माल विकायचा, आणि वाजवी भाव देणाऱ्या व्यापाऱ्याच्या पुड्यावर हा शिक्का मारायचा, अशी ती व्यवस्था. आज जगभर ‘फेअरट्रेड’ या नावाने जी चळवळ ओळखली जाते, तिची ही एक मुख्य मुळी.

तिचे गणित आपल्या हमीभावासारखे आहे. एक किमान भाव ठरलेला असतो. बाजार त्याच्या वर गेला तर बाजारभाव मिळतो. बाजार पडला तर किमान भाव मिळतो. धुतलेल्या अरेबिका कॉफीचा हा किमान भाव ऑगस्ट २०२३ पासून पौंडाला, म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅमला, १.४० डॉलरवरून १.८० डॉलर करण्यात आला. याशिवाय पौंडामागे २० सेंट जादा मिळतात. हे पैसे संस्थेच्या खात्यात जातात आणि त्यांतून शाळा, दवाखाना, विहीर की आणखी काही करायचे, हे सभासद मताने ठरवतात. किमान भावाचे महत्त्व लवकरच पटले. कॉफी उत्पादक आणि खरेदीदार देशांमधील आंतरराष्ट्रीय कॉफी करार जुलै १९८९ मध्ये मोडला आणि काही महिन्यांतच जगाच्या बाजारातला भाव जवळजवळ निम्म्यावर आला. आपल्या कांदा-उत्पादकाला हे समजावून सांगायची गरज नाही.

याच सुमारास अमेरिकेत तिघा तरुणांनी १९८६ मध्ये ‘इक्वल एक्स्चेंज’ नावाची संस्था काढली. त्यांच्या सरकारने १९८५ मध्ये निकाराग्वा या छोट्या देशाशी व्यापारबंदी जाहीर केली होती. या तिघांनी तिथल्या शेतकऱ्यांची कॉफी हॉलंडमार्गे अमेरिकेत आणून विकली. शिवाय संस्थेची मालकी त्यांनी कामगारांकडेच ठेवली. प्रत्येकाला एकच मत. पिकवणारी सहकारी संस्था आणि विकणारीही सहकारी संस्था, असा हा दुहेरी प्रयोग आहे.

तरीही एक उणीव राहतेच. शिक्का मिळवायचा तर तपासणीचा खर्च येतो, आणि तो लहान संस्थेला जड जातो. त्याहून मोठी गोष्ट अशी, की लहान शेतकऱ्याच्या शेतात हंगामापुरता येऊन कॉफीची फळे तोडणारा मजूर त्या संस्थेचा सभासद नसतो. भाव वाढला म्हणून त्याची मजुरी वाढेलच, असे नाही. महाराष्ट्राच्या वाचकाला हे चित्र ओळखीचे वाटेल. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभारून ऊस-उत्पादकाला कारखान्याचा मालक केले, ही फार मोठी क्रांती होती. परंतु बीडकडून कोयता घेऊन येणारा ऊसतोड मजूर त्या वहीत आजही सभासद नाही. सहकाराची वही उघडली तरी तिच्यात कुणाची नावे लिहायची आणि कुणाची नाही, हा प्रश्न उरतोच.

दोन पाने, एक कळी

आता चहाकडे वळू. चहाची गोष्ट अधिक कडू आहे. आसामातल्या मळ्यांवर छोटा नागपूर आणि इतर भागांतून आदिवासींना करारावर नेत. १८५९ च्या कायद्याने करार मोडणाऱ्या मजुराला तुरुंगात टाकता येत असे. १९२१ साली आसामच्या चरगोला खोऱ्यातून हजारो मजूर तुटपुंज्या मजुरीला कंटाळून बायकामुलांसह पायी घरी निघाले. चांदपूर स्टेशनात रात्री त्यांच्यावर गुरखा शिपाई सोडण्यात आले. स्वातंत्र्यानंतर १९५१ च्या मळे कामगार कायद्याने घर, दवाखाना, पाळणाघर यांची जबाबदारी मालकावर टाकली. स्थिती सुधारली, पण घर मालकाचे असल्याने नोकरी गेली की डोक्यावरचे छप्परही जाणार, ही भीती राहिली.

या पार्श्वभूमीवर केरळातील मुन्नारचा प्रयोग लक्षात घेण्यासारखा आहे. टाटा टी कंपनीने तिथल्या मळ्यांच्या कारभारातून अंग काढून घेतले आणि २००५ मध्ये ‘कानन देवन हिल्स प्लँटेशन्स’ ही नवी कंपनी झाली. तिचे निम्म्याहून अधिक भाग कामगार-कर्मचाऱ्यांकडे आले. मळा खुडणाऱ्यांचाच झाला, असा सर्वत्र गौरव झाला. पण दहा वर्षांनी, सप्टेंबर २०१५ मध्ये, त्याच मळ्यांतल्या हजारो स्त्रिया काम टाकून मुन्नारच्या रस्त्यावर बसल्या. आदल्या वर्षी १९ टक्के मिळालेला बोनस एकदम १० टक्क्यांवर आणला होता. त्यांची मजुरी तेव्हा दिवसाला २३२ रुपये होती. या स्त्रिया बहुतेक तमिळभाषक. पुष्कळजणी दलित कुटुंबांतल्या. त्यांनी कंपनीच्या साहेबांना तर जाब विचारलाच, पण आजवर आपल्या नावाने बोलणी करणाऱ्या संघटनांच्या पुरुष पुढाऱ्यांनाही जवळ येऊ दिले नाही. आपल्या चळवळीला त्यांनी ‘पोम्बिळै ओरुमै’, म्हणजे स्त्रियांची एकी, असे नाव दिले. नऊ दिवसांनी बोनस आणि सानुग्रह रक्कम मिळून २० टक्के द्यावयाचे ठरले. पुढच्या महिन्यात मजुरीही ३०१ रुपये झाली.

भागधारक मालकांनीच संप केला, ही विचित्र घटना वाटेल. पण त्यात विचित्र काही नाही. भागांच्या कंपनीत मत माणसाला नसते, भागाला असते. खुडणाऱ्या बाईकडे भाग थोडे, म्हणून आवाजही थोडा. शिवाय ज्या टेबलाभोवती बोनस ठरत होता, तिथे ती नव्हतीच. कंपनीचे साहेब होते आणि संघटनेचे पुरुष होते. कागदावर नाव आले, तरी वही उघडून वाचण्याचा अधिकार तिला रस्त्यावर बसून मिळवावा लागला. मालकीचा कागद आणि बोलण्याची जागा, दोन्ही असल्याशिवाय न्याय पुरा होत नाही, हा मुन्नारचा धडा आहे.

आपल्या टेबलापाशी

या तिन्ही गोष्टींवरून मला एवढे समजले, की कोणताही धंदा ‘न्यायाचा’ आहे की नाही, हे त्याच्या मालकाच्या स्वभावावरून ठरवू नये. चांगला मालक दिवाळीला कापड देतो. वाईट मालक देत नाही. पण देणे-न देणे त्याच्याच मर्जीवर असेल, तर ती दया झाली. म्हणून तीन साधे प्रश्न विचारावेत. मजुरी आणि भाव ठरताना काम करणारा माणूस तिथे हजर असतो का? हिशेबाची वही त्याला पाहता येते का? आणि त्याचे मत मोजले जाते का? तिन्हींना ‘होय’ असे उत्तर देणारी संस्था क्वचितच सापडते. पण जितकी ‘होय’ अधिक, तितका तिथला चहा माझ्यासारख्याला गोड लागेल.

आपल्याला हे दूरचे वाटण्याचे कारण नाही. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यानुसार वेगवेगळ्या कुटुंबांतील दहा माणसे एकत्र आली की सहकारी संस्था नोंदवण्यासाठी अर्ज करता येतो. एखाद्या महाविद्यालयाचे कॅन्टीन तिथे राबणाऱ्या माणसांच्याच संस्थेकडे का असू नये? अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी तिचे हिशेब लिहायला मदत करावी, वाणिज्यच्या प्राध्यापकांनी ते तपासावेत. पुढच्या वर्षी सामाजिक न्यायावर स्पर्धा ठेवायचीच असेल, तर तिचा विषय हा ठेवावा, अशी माझी नम्र सूचना आहे. त्या कॅन्टीनमधल्या मुलाचे नाव मी आता विचारून घेतले आहे. तो म्हणाला, “का, काही तक्रार आहे का?” नाव विचारणारा माणूस तक्रारच करणार, असे त्याला वाटले, याची मला लाज वाटली.

हा लेख लिहून झाल्यावर कॉफी हाऊसची गोष्ट मी आण्णांना टपरीवर वाचून दाखवली. ते किटली घासत ऐकत होते. संस्थेला दहा माणसे लागतात, इथे मी पोहोचलो तेव्हा त्यांचा हात थांबला.

“आम्ही बावीसजण होतो,” ते म्हणाले.